चीनचा फंड, आठ ऑक्टोबरची एनएव्ही आणि ‘सुरुवातीपासून’चा रकाना

हे परीक्षण चीनच्या एका म्युच्युअल फंडाचं, पण त्याचं नाव लिहीत नाही. ज्याच्यावर राग आहे तो फंड नव्हे, आमच्या सांगलीतला वितरक आहे, आणि त्याचंही नाव लिहीत नाही. चीन-हाँगकाँगचे फंड ज्यांच्याकडे आहेत त्यांना बाकीची माहिती असणारच, त्यामुळे थेट भांडणावर येतो.

24 सप्टेंबर 2024 ला चीनच्या मध्यवर्ती बँकेनं व्याजदर कपात आणि शेअर बाजारासाठी निधी अशा घोषणा केल्या आणि काही वर्षं मान टाकून पडलेला हा फंड ताडकन उठला. मी काही युनिट विकायचं ठरवलं. सोमवारी, 7 ऑक्टोबरला दुपारच्या जेवणाआधी वितरकाच्या विश्रामबागेतल्या ऑफिसात सही करून फॉर्म दिला. तीन वाजेपर्यंत फॉर्म चढला तर त्या दिवशीची एनएव्ही (म्हणजे एका युनिटचा भाव), नाहीतर पुढच्या दिवशीची, हा नियम त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवा. त्यांनी तो चढवला चहा झाल्यावर. मंगळवारी, 8 ऑक्टोबरला हाँगकाँगचा हँगसेंग निर्देशांक एका दिवसात नऊ टक्क्यांहून जास्त पडला. 2008 नंतरची एका दिवसातली सगळ्यात मोठी घसरण, आणि माझी विक्री नेमकी त्या दिवसाच्या भावानं. ऑफिसातल्या पोरानं वर ऐकवलं, “काका, मार्केट रिस्क असतेच की.” अरे बाबा, बाजाराची जोखीम मी घेतली होती, तुझ्या चहाची नव्हती. रेग्युलर, म्हणजे वितरकामार्फत घेतलेल्या, योजनेतलं कमिशन दरवर्षी माझ्याच पैशातून कापून जातं. ते फॉर्म वेळेत चढवायचं नसेल तर कशाचं?

त्या संतापात फॅक्टशीट, म्हणजे फंडाचं माहितीपत्रक, काढून बसलो. आडत दुकानात हिशेब लिहिण्यात जन्म गेला, आकडा खोटा वाटला की झोप येत नाही. फॅक्टशीटमधला ‘सुरुवातीपासून’ हा रकाना मला तसाच खटकला. एक वर्ष, तीन वर्षं, पाच वर्षं आणि शेवटी ‘सुरुवातीपासून’. शेजारी ‘10,000 रुपयांचे इतके झाले’. बहुतेक लोक तेवढंच वाचून पान उलटतात. पण सुरुवात कुठल्या तारखेची, हे बारीक अक्षरात असतं आणि सगळी गंमत त्या तारखेत असते.

हँगसेंगचंच बघा. ऑगस्ट 1997 मध्ये तो 16,673 वर होता. आशियाई चलनांचं संकट आलं आणि वर्षभरात, ऑगस्ट 1998 मध्ये, तो 6,660 वर आला. ऑक्टोबर 2022 अखेर होता 14,687. म्हणजे ऑगस्ट 1998 मध्ये सुरू झालेला फंड छातीठोकपणे सांगणार, पैसे दुपटीहून जास्त केले. ऑगस्ट 1997 मध्ये सुरू झालेला फंड तोच बाजार, तेच शेअर घेऊन, लाभांश सोडला तर तोट्यात. अंतर फक्त एका वर्षाचं. आता सांगा, यातला कुठला आकडा ‘दीर्घकालीन परतावा’ म्हणायचा? मला विचाराल तर हा रकानाच बंद करावा, किंवा निदान शेजारी दुसऱ्या तारखेपासूनचा आकडा छापायची सक्ती करावी. बायको म्हणते, एवढ्याशा रकान्यासाठी जीव कशाला आटवताय. पण आटतोच.

आमच्या मार्केट यार्डातला एक ओळखीचा व्यापारी म्हणाला, चीन एवढा वाढला, मग शेअर का वाढले नाहीत? त्याला मी हळदीच्या आवकेचं उदाहरण दिलं. यार्डात पोती दुप्पट आली म्हणून शेतकऱ्याची पट्टी दुप्पट होत नाही, उलट भाव पडतो. चीनमध्ये कंपन्यांनी नवे शेअर काढून काढून आवक वाढवली, जुन्या भागधारकाचा हिस्सा पातळ होत गेला. 1992 अखेर 100 वर सुरू झालेला एमएससीआय चायना हा चिनी शेअरचा निर्देशांक लाभांश सोडला तर डॉलरमध्ये 2024 अखेरही 100 च्या खाली होता. याच काळात चीनची अर्थव्यवस्था डॉलरमध्ये चाळीसपटीच्या आसपास गेली! त्यात सरकारची लहर वेगळी. नोव्हेंबर 2020 मध्ये अँट ग्रुप या वित्त कंपनीची शेअर विक्री ऐनवेळी थांबवली. जुलै 2021 मध्ये शालेय खासगी शिकवण्यांनी नफा कमवायचा नाही असा हुकूम काढला आणि त्या कंपन्यांचे शेअर मातीमोल झाले. ऑनलाइन विक्रीची कंपनी अलीबाबाचा शेअर 2014 साली 68 डॉलरला बाजारात आला, 2020 मध्ये तीनशेच्या वर गेला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा 68 च्या खाली.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा एक तारा द्यायचं पक्कं होतं. पण मग एक गोष्ट राहिली होती ती मांडली. मी डॉलरमध्ये खात नाही. हाँगकाँगचा डॉलर 1983 पासून अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे, आणि 1997 साली 36 रुपयांच्या आसपास असलेला अमेरिकन डॉलर ऑक्टोबर 2022 मध्ये 82 च्या पुढे होता. म्हणजे 16,673 चे 14,687 झाले तरी सांगलीच्या माणसाचे रुपये जवळपास दुप्पट झाले, लाभांश वेगळाच. 1997 च्या सगळ्यात वाईट दिवशी घेऊन जवळजवळ सगळ्यात वाईट दिवशी मोजले तरी! आता पंचवीस वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला तीन टक्केही नाहीत, पोस्टातल्या बाईसुद्धा हसतील. पण मी ज्याला बुडीत समजत होतो ते बुडीत नव्हतं. एक तारा वाढवला.

दुसरा तारा एसआयपीमुळे. 2022 ते 2024 च्या पडझडीत हप्ते चालू राहिले, युनिट स्वस्तात जमली, त्यामुळे माझा एक्सआयआरआर (प्रत्येक हप्त्याची तारीख धरून काढलेला वार्षिक परतावा) फॅक्टशीटमधल्या पाच वर्षांच्या आकड्यापेक्षा बरा निघाला. आठ ऑक्टोबर धरूनही. म्हणजे तो ‘सुरुवातीपासून’ रकाना या बाजूनंही माझ्या कामाचा नाही.

बाकीच्या कुरबुरी पटकन. परदेशी शेअर असल्यानं एनएव्ही दुसऱ्या दिवशी कळते, सवय होते. बऱ्याचशा योजना परदेशातल्या मूळ फंडात पैसे टाकतात, त्यामुळे खर्च दोन ठिकाणी कापला जातो. फक्त इथला खर्च बघून स्वस्त समजू नका. सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशात सात अब्ज डॉलरची मर्यादा आहे, त्यामुळे फेब्रुवारी 2022 मध्ये अनेकांनी नवे पैसे घेणं थांबवलं होतं, ते पुन्हा होऊ शकतं.

आणि ज्यांना ‘एकाच देशाचा फंड नको, आपला सेन्सेक्स बरा’ असं म्हणायचंय त्यांना आठवण: सेन्सेक्स हाही एकाच देशाचा आहे. 22 एप्रिल 1992 ला तो 4,467 वर होता आणि एप्रिल 2003 मध्ये तीन हजारांच्या खाली. जपानच्या निक्केई निर्देशांकाला तर डिसेंबर 1989 चा उच्चांक ओलांडायला फेब्रुवारी 2024 उजाडलं. माझ्याकडे सेन्सेक्सचा फंड याच्या कितीतरी पट जास्त आहे, तो तसाच राहणार. चीन चटणीएवढा.

उरलेली युनिट लगेच विकली नाहीत. 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेली युनिट मार्च 2025 अखेरपर्यंत विकली असती तर नफा उत्पन्नात धरून पूर्ण दरानं कर लागला असता. 1 एप्रिल 2025 पासून, दोन वर्षं झालेल्या युनिटवर साडेबारा टक्के. एवढ्यासाठी थांबायला माझी हरकत नव्हती. वितरकाविरुद्ध सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली आहे, फॉर्मवर त्यांनीच मारलेल्या शिक्क्याच्या वेळेचा फोटो जोडून. नवे हप्ते डायरेक्ट, म्हणजे वितरकाशिवायच्या, योजनेत वळवलेत. फंडाला तीन तारे, ऑफिसला शून्य.