झेडओडीबीचं एक्सरेफ्स बंद ठेवून सात महिने: कुलूप भक्कम, पण चोराचं नाव सांगत नाही

झेडओडीबी म्हणजे पायथनचे ऑब्जेक्ट जसेच्या तसे साठवणारा डेटाबेस; एक्सरेफ्स म्हणजे एका डेटाबेसमधल्या ऑब्जेक्टने दुसऱ्या डेटाबेसमधल्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवायची मुभा. पुण्यातल्या कुठल्याही काटकसरी संस्थेत सापडेल असा सेटअप: जुनं प्लोन (झेडओडीबीवर चालणारी वेबसाइट-प्रणाली), एकच सर्व्हर, रॅम वाढवायला ठाम नकार. म्हणून कॅटलॉग (मजकूर शोधायची सूची) वेगळ्या डेटाबेसमध्ये माउंट केलेला, त्याला कॅश वेगळी देता येते. पैसे वाचले. मग गुरुवारची लाइट जायच्या आत, बुधवारी रात्रीच पॅक (जुना, कुणी न वापरलेला डेटा काढून टाकणं) उरकला आणि सकाळी यादीच्या पानावर पीओएसकी-एरर: मागितलेला ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये नाहीच.

कॅटलॉगच्या एका मेटाडेटा कॉलमला (यादीत दाखवायच्या माहितीची जागा) एक मेथड पर्सिस्टंटमॅपिंग, म्हणजे डेटाबेसमध्ये स्वतंत्र ऑब्जेक्ट म्हणून राहणारी डिक्ट, जशीच्या तशी देत होती. कॅटलॉगने मजकूर उतरवून घेतला नाही. मेन डेटाबेसचं नाव, ओआयडी (ऑब्जेक्टचा क्रमांक) आणि क्लास एवढंच लिहून ठेवलं. पुढे डॉक्युमेंटमध्ये नवी मॅपिंग बसली, मेटाडेटा अपडेट झालाच नाही. जुनीला मेनमध्ये वाली उरला नाही. पॅक आपल्याच घरातले संदर्भ मोजतो, शेजारच्या डेटाबेसमधून आलेला संदर्भ त्याच्या खिजगणतीत नसतो. गेली.

उपाय एका ओळीचा आणि फुकट: असे आरपार संदर्भच बंद करा. झोपच्या (Zope, प्लोनखालचा सर्व्हर) कॉन्फिगमध्ये त्या डेटाबेसच्या विभागात ‘अलाउ-इम्प्लिसिट-क्रॉस-रेफरन्सेस फॉल्स’; पायथनमधून डीबी उघडत असाल तर ‘एक्सरेफ्स=फॉल्स’. ही मुभा मुळात चालू का ठेवलीय, देव जाणे. एक गोष्ट मात्र हमखास चुकते: बंदी संदर्भ लिहिणाऱ्या डेटाबेसवर लागते, ज्याच्याकडे बोट दाखवलंय त्याच्यावर नाही. नुसती मेनवर लावली तर कॅटलॉग मोकळाच. दोन्हीकडे लावा.

आता तक्रार. बंदी मोडली की इन्व्हॅलिडऑब्जेक्टरेफरन्स हा एरर येतो, तेव्हा मेसेज सांगतो, अमुक डेटाबेसला असे संदर्भ चालत नाहीत. सोबत कनेक्शन आणि परका ऑब्जेक्ट मिळतो. पण तो कुणाच्या कुठल्या ॲट्रिब्यूटमध्ये अडकलाय? अवाक्षर नाही. त्यात एरर येतो कमिटला (बदल पक्के करताना), ऑब्जेक्ट पिकल करताना, म्हणजे साठवण्यासाठी त्याचे बाइट्स बनवताना. ट्रेसबॅकमध्ये तुमच्या कोडची दोषी ओळ दिसतच नाही. ज्या कोडला धरणारा ऑब्जेक्ट हातात असतो, त्यानेच नाव गिळावं म्हणजे कमाल आहे. पहिल्या महिन्यात याच एका कारणासाठी दोन तारे दिले असते.

तोडगा असा: संशयित कोडमध्ये दर काही ओळींनी ‘ट्रान्झॅक्शन.सेव्हपॉइंट(ऑप्टिमिस्टिक=ट्रू)’ टाका. सेव्हपॉइंटलाही पिकल होतं, त्यामुळे एरर तिथेच फुटतो. अर्ध्या-अर्ध्याने शोधलं की चार-पाच फेऱ्यांत ओळ सापडते. काम झालं की काढून टाका, फुकट डिस्क घासते.

दुसऱ्या महिन्यात मत थोडं बदललं. निम्मे एरर नव्या चुकांचे नव्हतेच. बंदी फक्त लिहिताना लागते. जुने संदर्भ वाचताना निमूट चालतात आणि तो ऑब्जेक्ट कुठल्याही कारणाने बदलला की अख्खा पुन्हा पिकल होऊन तिथे आदळतात. म्हणजे शीर्षक बदलायला गेलात आणि भलत्याच ॲट्रिब्यूटने मार खाल्ला. म्हणून बंदी लावण्याआधी झाडाझडती घ्या: स्टोरेजच्या इटरेटरवरून (डेटा फाइलमधली नोंद एकेक करून देणारा) प्रत्येक रेकॉर्ड घ्या, त्यातले दोन्ही पिकल (आधी क्लास, मग स्टेट) वाचा, पर्सिस्टंट-लोडमध्ये (पिकल वाचताना प्रत्येक संदर्भासाठी बोलावलं जाणारं फंक्शन) येणारा संदर्भ यादीच्या रूपात असेल आणि पहिला घटक ‘एम’ किंवा ‘एन’ (परक्या डेटाबेसकडचा संदर्भ) असेल तर ओआयडी टिपून ठेवा. आधी पॅक केलेली प्रत घ्या, नाहीतर जुन्या आवृत्त्याही मोजल्या जातात आणि यादी उगाच फुगते. मूळ फाइलवर अर्थातच नाही, पॅकनेच तर घात केलाय.

दुरुस्ती सोपी. मेटाडेटाला साधी ‘डिक्ट’ किंवा ‘लिस्ट’ द्या, आत आणखी पर्सिस्टंट काही असेल तर तेही उतरवा. ऑब्जेक्टच हवा असेल तर त्याचा यूआयडी (ओळखक्रमांक) ठेवा. माउंटच्या आरपार कट-पेस्ट करू नका, कटमध्ये तोच ऑब्जेक्ट नव्या जागी टांगला जातो. कॉपी-पेस्ट करा (एक्स्पोर्ट-इम्पोर्ट होऊन खरी प्रत बनते) आणि मग जुना डिलीट करा.

खरोखरच आरपार संदर्भ हवे असतील त्यांनी एक्सरेफ्स चालू ठेवावं, पण मग प्रत्येक फाइलस्टोरेजला (डेटा फाइलीत ठेवणारं स्टोरेज) ‘पॅक-जीसी फॉल्स’ लावून, म्हणजे पॅकला वाली नसलेले ऑब्जेक्ट काढू न देता, कचरा झेडसी.झेडओडीबीडीजीसी या पॅकेजच्या मल्टी-झेडओडीबी-जीसीनेच काढावा; ते सगळे डेटाबेस एकत्र पाहतं. त्याच्या कॉन्फिगमध्ये सगळे डेटाबेस हवेत. एक राहिला तर बुधवारची रात्र पुन्हा आलीच.