क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स: स्वतःचा प्रोजेक्ट सगळ्यांसाठी खुला ठेवायचा असेल तर

गोष्टी वाचून रेकॉर्ड करणं, चित्रं काढून सगळ्यांना वापरायला देणं, स्वतः बनवलेले आवाज आणि सुरावटी मोकळ्या सोडणं, असलं काहीतरी ज्यांना सुरू करायचंय आणि पाठीशी कुठली कंपनी नाही की संस्था नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आम्ही काही जणांनी मिळून मुलांसाठी चित्रकथा करायला घेतल्या, मजकूर एकाचा, चित्रं दुसरीची, आवाज तिसऱ्याचा, आणि पहिल्यापासून ठरलेलं होतं की हे कुणीही छापावं, वाचून दाखवावं, आपल्या भाषेत न्यावं. त्यासाठी आम्ही क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेची लायसन्स वापरतो, म्हणजे कामाला लावायची तयार परवानगीपत्रं: कुणी काय करू शकतं आणि कुठल्या अटीवर. माझ्याकडून त्यांना पाचपैकी साडेचार मार्क, आणि तो अर्धा का कापला तेही खाली येईलच.

आधी एक गोष्ट, कारण ती अजूनही खूप जणांना माहीत नसते. तुम्ही काही लिहिलंत किंवा काढलंत की कॉपीराइट आपोआप तुमचा होतो, कुठे नोंदणी करावी लागत नाही, कोपऱ्यात सी चं चिन्हसुद्धा टाकावं लागत नाही. म्हणजे तुम्ही मनाने कितीही मोकळे असलात तरी गप्प राहिलात तर कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘सर्व हक्क राखीव’ असाच होतो आणि दूरवरच्या एखाद्या शिक्षिकेला तुमची गोष्ट वर्गासाठी छापून वाटायची असेल तर तिने एकतर तुम्हाला शोधून विचारायचं नाहीतर नाद सोडायचा. बहुतेक लोक नाद सोडतात. क्रिएटिव्ह कॉमन्स हेच विचारणं आधीच उरकून टाकतं. संस्था २००१ ची, पहिली लायसन्स डिसेंबर २००२ मध्ये आली, आत्ता चालतं ते ४.० व्हर्जन २०१३ पासूनचं आहे आणि ते सगळ्या देशांत एकच चालेल अशा हिशोबाने लिहिलंय. पैसे नाहीत, अकाउंट नाही, फॉर्म नाही. त्यांच्या साइटवर दोनचार प्रश्नांची उत्तरं द्या, लायसन्सचं नाव आणि लिंक मिळते, ती कामाजवळ लावा, झालं.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे एकच लायसन्स तीन थरांत लिहिलेलं आहे. एक वकिलांसाठीचा पूर्ण मजकूर, एक साध्या माणसाला मिनिटभरात कळेल असा सारांश, आणि एक मशिनला वाचता येईल असा, ज्यामुळे सर्च करताना फक्त मोकळी चित्रं वेगळी काढता येतात. आमच्या चित्रकाराने आयुष्यात कधी करार वाचलेला नाही, पण तो सारांश वाचून तिने अगदी नेमके प्रश्न विचारले.

आता खरा मुद्दा. एकूण सहा लायसन्स आहेत आणि शिवाय सीसी झिरो, ज्यात तुम्ही शक्य तेवढे सगळे हक्क सोडून देता. सहाही लायसन्समध्ये ‘बाय’ असतंच, म्हणजे नाव द्यायचं. त्याला पुढे जोड लागतात: ‘एसए’ म्हणजे माझ्या कामातून काही नवीन बनवून पसरवलंत तर तेही याच अटीवर मोकळं ठेवा, ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको, ‘एनडी’ म्हणजे बदलून पुढे पसरवू नका. नवीन माणूस यादी बघतो आणि त्याचा हात सरळ एनसीवर जातो, कारण मनात भीती असते की आपण फुकट देणार आणि कुणीतरी त्यावर पैसे कमावणार. ही भीती मला पूर्ण कळते, आमच्या ग्रुपमध्ये यावर भरपूर वाद झाला. पण एनसी लावलं की काय होतं ते नीट बघा. विकिमीडिया कॉमन्स, जिथून विकिपीडियाला चित्रं आणि आवाज जातात, तिथे एनसी आणि एनडीवालं काम घेतच नाहीत. बाय-एसएचं काम आणि बाय-एनसी-एसएचं काम मिसळून एक नवीन काम बनवता येत नाही, दोघांच्या अटी एकमेकींना छेद देतात. छोटा प्रकाशक, जो कागदाचा आणि छपाईचा खर्च वर काढून वर थोडंसं ठेवणार आहे, तोही बिचकतो, कारण लायसन्समध्ये ‘मुख्यतः’ व्यापारी हेतूचा वापर नको असं लिहिलंय, आणि हेतू ‘मुख्यतः’ व्यापारी आहे का हे ठरवायचं कुणी?

आणि सगळ्यात मोठी गोची तुमची स्वतःचीच होते. एकट्याचं काम असेल तर ठीक, तुमच्या लायसन्सची अट तुम्हाला लागू नसते, तुम्ही उद्या तेच विकू शकता. पण चारजणांनी एनसीखाली आपापला भाग दिला असेल तर प्रत्येकजण आपल्याच भागाचा मालक, बाकी तिघांच्या भागासाठी तोही बाहेरचाच. म्हणजे प्रोजेक्टला पुढची छपाई करायला पैसे हवेत म्हणून पुस्तकं विकायची ठरवलीत तर सगळ्यांची वेगळी परवानगी लागणार, आणि तोवर कुणी संपर्कात नसेल तर सगळं अडकून बसतं. बाय-एसएमध्ये विकायला कुणालाच बंदी नाही, तुम्हालाही नाही, आणि ज्याने विकलं त्याला नाव द्यावंच लागतं आणि त्यात भर घालून नवीन काही केलं असेल तर तेही मोकळंच ठेवावं लागतं. सामायिक संस्कृतीसाठी काही करायचं असेल तर मला हीच अट सगळ्यात न्याय्य वाटते: घ्या, पण घेतलेल्यावर जे उभं कराल तेही बाकीच्यांना घेऊ द्या. विकिपीडियाही बाय-एसएवरच चालतो.

एनडीबद्दल थोडक्यात सांगते, अशा प्रोजेक्टला लावू नका. भाषांतर हाही बदलच धरला जातो, त्यामुळे तुमची गोष्ट दुसऱ्या भाषेत जाण्याचा रस्ता तुम्हीच बंद करता.

गाण्याबजावण्याचं काम करणार असाल तर लायसन्सचा पूर्ण मजकूर एकदा वाचाच. त्यात स्पष्ट आहे की संगीत किंवा रेकॉर्डिंग हलत्या चित्राबरोबर वेळ जुळवून वापरलं की ते नवीन काम धरलं जातं. म्हणजे एसए लावलेली धून व्हिडिओत घेतली तर अख्खा व्हिडिओ त्याच अटीवर द्यायचा, आणि एनडी लावलेली धून व्हिडिओत घेऊन तो पसरवताच येत नाही. शिवाय एका गाण्यात शब्द, चाल, गाणाऱ्याचं सादरीकरण, रेकॉर्डिंग असे वेगवेगळे हक्क असतात, शब्द जुने आणि मोकळे असले तरी कालचं रेकॉर्डिंग मोकळं नसतं. हे प्रत्येक थरासाठी तपासायचं काम कंटाळवाणं आहे पण ते टाळून चालत नाही.

तो अर्धा मार्क कापला कारण ही लायसन्स मागे घेता येत नाहीत आणि हे निवड करतानाच्या पानावर अजून ठळक असायला हवं. तुम्ही उद्या काम नेटवरून काढू शकता, वेगळं लायसन्स लावू शकता, पण ज्याने आधी घेतलं त्याचा हक्क तसाच राहतो. मला हे बरोबरच वाटतं, नाहीतर तुमच्या कामावर कोण विसंबून काही उभं करेल? फक्त नवख्याला ते आधी कळलं पाहिजे. एखाद्याने तुमचं काम अशा ठिकाणी वापरलं की तुम्हाला त्याच्याशी नाव जोडायचं नाही, तर ४.० मध्ये नाव काढायला सांगायची सोय आहे. आणि कुणी अट मोडली, उदाहरणार्थ नाव द्यायचं राहिलं, तर त्याचा हक्क संपतो पण कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केलं तर आपोआप परत मिळतो. ही तरतूद मला फार माणुसकीची वाटते, कारण जुन्या व्हर्जनचा आधार घेऊन नावाच्या बारीकशा चुकीवर लोकांकडून पैसे उकळायचे प्रकार झालेत. तुम्ही देणारे असाल तर ४.० च लावा, वर नाव कसं लिहायचं त्याची एक तयार ओळच देऊन ठेवा (कामाचं नाव, करणाऱ्याचं नाव, मूळ लिंक, लायसन्स), लोक आनंदाने कॉपी करतात.

काय मिळत नाही तेही सांगते. पैसा मिळत नाही, वाचक मिळत नाहीत, ते तुम्हालाच उभं करायचंय. फोटोतल्या माणसाची किंवा रेकॉर्डिंगमधल्या मुलाच्या पालकांची संमती या लायसन्समध्ये येत नाही, ती वेगळी घ्या. प्रोजेक्टचं नाव आणि लोगोही त्यात आपोआप येत नाहीत, त्यामुळे काम मोकळं देऊनही नाव स्वतःकडे ठेवता येतं. सॉफ्टवेअरला हे लावू नका, असं खुद्द क्रिएटिव्ह कॉमन्सच सांगतं, त्यासाठी वेगळी लायसन्स आहेत. फाइली ठेवायला आम्ही इंटरनेट अर्काइव्ह वापरतो, १९९६ पासूनची ना-नफा संस्था आहे, अपलोड करतानाच लायसन्स निवडता येतं, अपलोड कधीकधी रेंगाळतं पण चालतंय.

शेवटी कामाचा सल्ला: लायसन्स पहिला माणूस जोडायच्या आधी ठरवा, शेवटी नाही. नंतर बदलायचं म्हटलं तर भाग घेतलेल्या प्रत्येकाचा होकार लागतो. आम्ही आता नवीन कुणी आलं की काम सुरू व्हायच्या आधी एक छोटा मेल पाठवतो, ‘माझा भाग मी बाय-एसए ४.० खाली देतोय, नाव असं लिहावं’ एवढंच त्यांनी उत्तरात लिहायचं, आणि तो मेल त्या गोष्टीच्या फोल्डरमध्ये ठेवतो. गोष्टींच्या मधले छोटे आवाज, पावसाचे, दाराचे, पावलांचे, ते मात्र आम्ही सीसी झिरोमध्ये टाकतो, कारण तीन सेकंदांच्या आवाजासाठी कुणाला नावांची यादी लिहायला लावणं बरोबर वाटत नाही.