एटकीपर : चार स्टार, पाचवा राखून

मालवणातल्या लॉजवाल्यांचे डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर मी सांभाळतो, सगळीकडे एटकीपर बसवलंय, म्हणजे सेटिंगमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. फुकट आहे. सर्व्हरची सेटिंग जिथे असतात ते 'ईटीसी' फोल्डर गिटमध्ये, म्हणजे फाईलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जातं. एप्टने (डेबियनवर प्रोग्रॅम बसवणारं साधन) पॅकेज टाकलं की आधीचे-नंतरचे बदल आपोआप नोंदले जातात. नुसतं गिट फाईलचा मालक आणि पूर्ण परवानग्या लक्षात ठेवत नाही, हे ठेवतं. खरी किंमत इथेच. जूनमध्ये वीज येत-जात असताना कोणीतरी सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलून गेला. 'गिट डिफ' या कमांडने बदललेली नेमकी ओळ दाखवली. (तो कोणीतरी कोण, ते मला ठाऊक आहे. असो.)

एक स्टार कापला, कारण पासवर्डचे हॅश (पासवर्डपासून बनवलेले सांकेतिक ठसे) असलेली शॅडो फाईलही त्यात जाते. ती रिपॉझिटरी (गिटचा साठा) भलत्या सर्व्हरवर ढकलू नका. आणि दहा मशीन एकसारखी ठेवायची तर अन्सिबलच घ्या, ते एका जागेवरून सगळ्या मशीनना तीच सेटिंग लावतं. पलीकडच्या मशीनवर एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) आणि पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा असली की भागतं.