वारसनोंदीच्या निमित्ताने तालुक्याच्या कचेरीचा अनुभव

वडिलांच्या निधनानंतर त्यांच्या जमिनीवर वारसनोंद करण्यासाठी या पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील एका डोंगरी तालुक्याच्या तहसील कचेरीत मला तीन वेळा जावे लागले. त्या सेवेविषयी हा अभिप्राय लिहीत आहे.

आधी चांगले सांगतो. गावच्या तलाठ्यांनी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अर्ज तपासताना बहिणीचे नाव का नाही, असे स्पष्ट विचारले. भाऊबंदांपैकी एकाने ते वगळण्याचा सल्ला दिला होता, परंतु मुलीचा हक्क मुलाइतकाच असून तिला तो सोडायचा असेल तर दुय्यम निबंधकांकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे लागते, हे त्यांनी सर्वांसमोर शांतपणे समजावले. आई, बहीण आणि मी अशी तिन्ही नावे वारस रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना 6-क मध्ये, लागली. एवढ्या एका गोष्टीसाठी या कार्यालयाविषयी माझ्या मनात कायमचा आदर राहील.

त्यानंतर फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलाची नोंद) धरला गेला, हितसंबंधितांना नोटीस निघाली आणि हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत सुरू झाली. ती संपल्यावर तलाठ्यांच्या वरचे मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आमची अडचण नेमकी तेथेच आली. अतिवृष्टीच्या पंचनाम्यासाठी ते वाड्यावस्त्यांवर गेले होते, ज्यात त्यांचा काहीच दोष नाही. मात्र ते आज भेटणार नाहीत, हे फलकावर कोठेही लिहिलेले नव्हते. शहरातून आलेला मी परत फिरलो, पण नदीपलीकडच्या वाडीतून पहाटे निघालेल्या एका आजींचा बंधाऱ्यावर पाणी आल्यामुळे परतीचा रस्ताच बंद झाला होता. शिरोळ किंवा हातकणंगल्यासारख्या सपाट तालुक्यात एक हेलपाटा म्हणजे फार तर अर्धा दिवस जातो. डोंगरात, एकच एसटी असलेल्या गावाला, तोच हेलपाटा दोन दिवसांच्या मजुरीला पडतो. जिल्ह्याचे बाराही तालुके एकाच मापाने चालवू नयेत, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक गोष्ट तेथे येणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवी. फेरफाराची नोंद महसुली कामासाठी असते, तिने मालकीचा वाद मिटत नाही. तो दिवाणी न्यायालयातच मिटतो. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक जण कचेरीत वर्षानुवर्षे भांडत राहतात.

कचेरीत पिण्याच्या पाण्याची सोय चांगली आहे; बसायला बाकडी मात्र अपुरी आहेत.

तिसऱ्या खेपेनंतर नोंद मंजूर झाली. आता डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपये भरून घरबसल्या मिळतो, त्यामुळे उताऱ्यासाठी कोणी तालुक्याला जाऊ नये. वारसनोंदीसाठी जाणाऱ्यांनी मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची आधार कार्डे आणि 8-अचा (खातेदाराच्या गावातील सर्व जमिनीचा) उतारा सोबत ठेवावा, आणि पावसाळ्यात निघण्यापूर्वी गावच्या कोतवालांकडे साहेब जागेवर आहेत का, याची चौकशी जरूर करावी.