जुन्या बाटल्या: उकळतं पाणी की केएमएस?

घरच्या द्राक्षवाइनसाठी जुन्या बाटल्या वापरायच्या, तर आधी त्या घासून लख्ख हव्यात. धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवल्या की लेबलं सुटतात. तळाला गाळ धरला असेल तर मूठभर तांदूळ आणि साबणाचं पाणी घालून खळखळून हलवा.

मग निर्जंतुक करणं. उकळतं पाणी फुकटचं, पण गार बाटलीत एकदम ओतलं की काच तडकते; माझ्या दोन तशाच गेल्या. स्क्वॅश टिकावं म्हणून घालतात ते केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पूड) मला जास्त भरवशाचं वाटतं: लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम, थोडं लिंबूसत्त्व, आतून सगळीकडे फिरवून 10 मिनिटांनी निथळायचं. वास नाकात झोंबतो, खिडक्या उघड्या ठेवा. दमेकऱ्यांनी लांबच राहावं. ब्लीच मात्र नकोच, क्लोरीनमुळे बुचाला कुबट वास धरतो.