सभासदांची यादी: रजिस्टर की गूगल शीट?

गोव्यात फोंडा-डिचोलीकडच्या एखाद्या भजनी मंडळाची समिती बदलली की हा प्रश्न हमखास निघतो.

खर्च दोन्हींचा नगण्य. टिकण्याचं म्हणाल, तर पावसाळ्यात रजिस्टर दमटतं, शाई पसरते, आणि दुसरी प्रत नसते. शीटमध्ये चुकून खोडलेलं जुन्या आवृत्तीतून परत मिळतं. मात्र गूगल खातं सचिवाच्या वैयक्तिक नावावर असेल तर सचिव बदलताच यादी अडकते. खातं मंडळाच्या नावे उघडा, पासवर्ड दोघांकडे ठेवा.

खरी मेहनत शिस्तीची, आणि ती दोन्हीकडे सारखीच. एकाच वाड्यावर एकाच नावाचे दोन नाईक असतात, म्हणून प्रत्येकाला कायमचा सभासद क्रमांक द्या. सभासद वारला तरी तो क्रमांक दुसऱ्याला देऊ नका. शीटमध्ये फोनचा रकाना ‘साधा मजकूर’ ठेवा, नाहीतर 0832 या गोव्याच्या एसटीडी कोडमधलं पहिलं शून्य गळतं. फाइलच्या सेटिंगमध्ये देश भारत निवडा. अमेरिका राहिला तर 03/04 म्हणजे 3 एप्रिलऐवजी 4 मार्च होतो. आधारची झेरॉक्स मात्र कुठेच साठवू नका.

पन्नासेक सभासद, वर्षाला एकच वर्गणी: रजिस्टर पुरे, फक्त पानांचे फोटो काढून ठेवा. शंभरावर सभासद, त्यात काही मुंबईला, काही आखातात: शीटच घ्या, आणि दर महिन्याला एक प्रत पेन ड्राइव्हवर उतरवा.