अमेरिकेतल्या काउंटी ऑफिसातून मृत्यूचा दाखला, बडोद्यात बसून मागवला त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, काउंटी ऑफिसला माझ्याकडून पाचापैकी चार स्टार. काउंटी (तिकडचा जिल्हाच म्हणा) कॅलिफोर्नियातली, नाव लिहीत नाही, कारण त्या राज्यात पद्धत सगळीकडे साधारण सारखीच आहे आणि हे लिहितोय ते बडोद्यातल्या त्या घरांसाठी ज्यांचं कोणी ना कोणी तिकडे आहे, म्हणजे दांडिया बाजार ते रावपुरा निम्मी वस्ती आलीच.

आमची आत्या तिकडे वारली. अमेरिकन सिटिझन होती, ओसीआय कार्डवाली (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते कार्ड), आणि इकडचं जुनं घर तिच्या आणि बाबांच्या जॉइंट नावावर. वारसाई करायची तर पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, लागतो आणि पेढीनाम्याला मृत्यूचा दाखला. पहिला प्रश्न प्रत्येक जण हाच विचारतो की आपल्या कॉर्पोरेशनमधून नाही का मिळत? नाही मिळत. नोंद माणूस जिथे गेला तिथेच होते, आपल्या १९६९ च्या कायद्यातही तेच आहे, त्यामुळे कॉर्पोरेशनच्या खंडेराव मार्केटच्या बिल्डिंगमध्ये तुमची कितीही ओळख असली तरी तिथे तिचं नाव रजिस्टरमध्येच नाही तर देणार काय. भारतीय पासपोर्ट असता तर तिकडच्या आपल्या कॉन्सुलेटमध्ये तरी नोंद करता आली असती, तोही रस्ता बंद.

तिकडची व्यवस्था मला खरंच आवडली. आपल्याकडे कोणी घरी गेलं तर संध्याकाळच्या आत खासवाडीला सगळं आटपतं आणि मग स्मशानाची पावती आणि डॉक्टरचा कागद घेऊन २१ दिवसांत नोंद करायची. तिकडे उलटं, आधी नोंद, मग परमिट, मग अग्नी. कॅलिफोर्नियात आठ दिवसांच्या आत नोंद व्हायलाच पाहिजे, डॉक्टरनं कारण लिहून द्यायचं, बाकी सगळं फ्युनरल होमवाले, म्हणजे अंत्यविधीचं काम बघणारे, कॉम्प्युटरवर भरतात, घरच्यांनी फक्त माहिती द्यायची. प्रती पण त्यांच्याकडूनच मागवता येतात. एका प्रतीचे पंचवीस डॉलरच्या आसपास, तेव्हा महाग वाटतात, पण नंतर हिशोब केलात तर हाच सगळ्यात स्वस्त रस्ता, कारण नंतर मागवायला गेलं की खरी गंमत सुरू होते.

गंमत अशी की प्रती दोन प्रकारच्या असतात. एक ऑथोराइज्ड आणि एक इन्फॉर्मेशनल. इन्फॉर्मेशनल कोणालाही मिळते, पण तिच्यावर स्पष्ट छापलेलं असतं की ओळख सिद्ध करायला हा कागद चालणार नाही. मजकूर तोच, पण बँकेत, पेढीनाम्यात तिचा काडीचा उपयोग नाही. ऑथोराइज्ड मागायची तर तुम्ही नवरा-बायको, मुलं, आई-बाप, भाऊ-बहीण, नातवंडं, आजी-आजोबा, वकील किंवा इस्टेटीचा एक्झिक्युटर (मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करणारा) अशांपैकी कोणीतरी असायला लागता. भाचा हा शब्द त्या यादीत शोधून सापडला नाही. बाबा सख्खे भाऊ म्हणून बसतात, पण पोस्टानं अर्ज करायचा तर शपथेचा फॉर्म नोटरीसमोर सही करून पाठवायचा, आणि अमेरिकन नोटरी इथे कुठून आणायचा? मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये होतं ते काम, एका शिक्क्याचे पन्नास डॉलर. म्हातारा माणूस एवढ्यासाठी मुंबईला नेणार का! शेवटी आतेबहीणच काउंटरवर जाऊन घेऊन आली, समोर जाऊन सही केली की नोटरी लागत नाही. ती म्हणाली, दादा, टोकन घेतलं, फॉर्म दिला, पैसे भरले, कागद हातात, कॉफी पण संपली नव्हती. चार स्टार त्याचेच.

पाचवा स्टार का कापला ते आता. ताजी नोंद असेल तर दाखला काउंटीच्या हेल्थ डिपार्टमेंटकडे मिळतो आणि काही काळ गेला की रेकॉर्डरकडे, म्हणजे काउंटीच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या ऑफिसकडे. दोन्हीकडचा कागद कायद्यानं सारखाच, पण आपल्याला भारतात वापरायचा तर वर अपोस्टील (कागदावरची सही-शिक्का खरा आहे असं परदेशासाठी दिलेलं सरकारी प्रमाणपत्र) लागतं, ते देतं राज्याचं सेक्रेटरी ऑफ स्टेट ऑफिस, सॅक्रमेंटो किंवा लॉस एंजलिस, वीस डॉलर एका कागदाचे. आणि त्यांना हेल्थ ऑफिसरची सही चालत नाही, त्या सहीवर आधी काउंटी क्लार्कनं लिहून द्यायचं की हो, ही सही खरी आहे. आमची प्रत हेल्थ डिपार्टमेंटचीच, मग कव्हर सॅक्रमेंटोहून परत. अहो, दाखला देताना काउंटरवरच्या बाईंनी एवढंच विचारलं असतं की कागद परदेशात वापरायचा आहे का, तर काय बिघडलं असतं? त्यामुळे तुमची आतेबहीण, मामेभाऊ जो कोणी जाणार असेल त्याला सांगा, शक्य असेल तर रेकॉर्डरचीच प्रत घ्यायची, नाहीतर क्लार्कचं सर्टिफिकेशन त्याच फेरीत उरकायचं.

अपोस्टील कशाला, नुसता दाखला दिला तर नाही का चालत, असं वाटत असेल तर करून बघा. आमच्याकडे इथल्या एका ऑफिसात टेबलावरच्या भाईंनी कागद उलटसुलट केला, उजेडात धरला आणि म्हणाले, "काका, आ तो अमेरिकानुं छे, एपोस्टील क्यां छे?" बाबा गप्प. पण खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं. भारत २००५ पासून अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात, हेग कन्व्हेन्शनमध्ये, आहे, अपोस्टील असलं की मग एम्बसीचा वेगळा शिक्का वगैरे काही लागत नाही, त्या एका पानावर काम होतं.

आता दाखला स्वतः कसा असतो ते. नोटेसारखा जाड कागद, बाजूनं नक्षी. आणि त्यात काय काय लिहिलेलं! शिक्षण किती, धंदा काय, त्या धंद्यात किती वर्षं, काउंटीत किती वर्षं राहिली, वडिलांचं नाव, आईचं माहेरचं नाव. आपल्या दाखल्यात याच्या पावपट पण नसतं. वरच 'ऑल्सो नोन अॅज' असा एक रकाना आहे, तो सोन्याचा आहे. आत्याचं इकडच्या कागदांवर माहेरचं नाव, तिकडे लग्नाचं, त्यात आमच्या गुजरातच्या कागदांवर आडनाव आधी, म्हणजे तीन वेगळ्या बायका वाटतील. त्या रकान्यात फ्युनरल होमला जुनं नाव लिहायला लावलं होतं म्हणून वाचलो. नंतर दुरुस्ती होते, अॅफिडेव्हिट भरून, पण मूळ पान बदलत नाहीत, दुरुस्तीचं पान मागे जोडतात, आणि मग इकडे दोन पानं समजावत बसा.

तारखेचं सांभाळा. तिकडे महिना आधी. ०४/०७ म्हणजे ७ एप्रिल, इकडे ४ जुलै वाचणार. आमच्या अर्जात एका क्लार्कनं तसंच उतरवलं होतं, बाबांनी चष्मा लावून वाचलं म्हणून सापडलं. अर्जात तारीख अक्षरात लिहा, म्हणजे वादच नाही.

एक गोष्ट मात्र बाबांना लागली. मृत्यूचं कारण त्याच पानावर छापलेलं असतं, कशामुळे, किती दिवस, आधीचं काय दुखणं, सगळं. आपल्याकडे दाखल्यावर कारण देतच नाहीत, कायद्यातच मनाई आहे, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं. बँकेतल्या मुलीनं आत्याचा आजार मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "फॅमिलीत आणखी कोणाला आहे का?" काय बोलायचं आता हिला. फ्लोरिडात कारण नसलेली प्रत मिळते, कॅलिफोर्नियात आम्हाला तो पर्याय नव्हता.

हे सगळं कॅलिफोर्नियाचं हं. तुमचं माणूस न्यू जर्सीत असेल, आणि बडोद्याचे बरेच तिकडेच आहेत, तर काउंटी शोधत बसू नका, ज्या गावात मृत्यू झाला तिथल्या म्युन्सिपाल्टीचा लोकल रजिस्ट्रार किंवा मग ट्रेंटनचं राज्याचं ऑफिस.

प्रती भरपूर घ्या, बँक एक ठेवून घेते, इन्शुरन्सवाले एक, इकडे जमा केलेली परत मिळत नाही. आणि अपोस्टील दाखल्याला पिनेनं जोडलेलं असतं ते सुटलं की कागद बाद. झेरॉक्सवाला सवयीनं पहिली पिनच काढतो. त्याच्या हातात देऊच नका, काचेवर स्वतः पान दुमडून धरा, कोपरा काळा आला तर येऊ दे.